सासऱ्यांच्या वाटचा बांगडा

मी मंगलोरला एकटी गेले होते, ती सासऱ्यांच्या वतीनं मासा खायला. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, "ते असू दे, खरं कारण सांग." आता खरं कारणच ते, तर मी दुसरं कुठून आणू?

गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या आणि घरात फोन असणं अजून श्रीमंतीचं लक्षण होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. माझं माहेर वाईचं, सासर सांगलीचं. आमचे हे लष्करात, तेव्हा कुठं तरी बर्फात. घरात मी आणि मामंजी, दोघंच. मामंजींनी जन्मभर ट्रक चालवला. सांगलीच्या पेठेतनं हळद आणि गूळ भरायचा, मंगलोरच्या बंदरावर उतरवायचा आणि येताना कौलं भरून आणायची. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या अस्थी घेऊन मामंजी काशीला गेले, आणि तिथंच सगळी पंचाईत करून आले.

काशीत काही तरी सोडायचं असतं. आमच्याकडची माणसं याबाबतीत फार हुशार. कुणी कारलं सोडतं, कुणी शेपू सोडतं, एक चुलत सासरे तर पपनस सोडून आले, जे त्यांनी आयुष्यात चाखलंही नव्हतं. मामंजींनी सोडला बांगडा. त्यांचा सगळ्यात लाडका, मंगलोरच्या बंदरावरच्या एका खानावळीतला, लाल रश्श्यातला. "अहो, मटण तरी सोडायचं," भावकीतला एक जण म्हणाला, "ते तुम्हाला तसंही पचत न्हाई." मामंजी म्हणाले, "सोडायचं ते आवडीचं. नावडीचं सोडायला काशीपतोर कशाला जायाचं? ते उकिरड्यावर बी सोडता येतं." माणूस असा. बोलायची सोय नाही.

त्या श्रावणात त्यांना कावीळ झाली. कावीळ गेली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. आधी एक भाकरी, मग अर्धी, मग चतकोर, मग नुसता चहा. गालाची हाडं वर आली, मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, आता खायला घाला. जसं काही मी ताट लपवून ठेवत होते! झुणका केला, खर्डा केला, कोंबडी केली. पुढं ठेवलं की ते ताटाला नमस्कार करायचे आणि बाजूला सारायचे. मला रडू यायचं आणि रागही यायचा. ह्यांना काय तोंड दाखवू, बाप उपाशी ठेवला म्हणून?

एक दिवस वैतागून मी म्हटलं, "तुमाला काय खायचंय ते तरी सांगा."

"बांगडा."

"मग खावा की. देवाला कळतं सगळं."

"सोडलाय." जरा वेळानं म्हणाले, "पोरी, मेलेल्या माणसाला भटाच्या तोंडानं जेवता येतं. मग मी तर जिता हाय. मला तुज्या तोंडानं का न्हाई येणार?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पुढचं सगळं ठरवून ठेवलं होतं. मी मंगलोरला जायचं, त्याच खानावळीत बसायचं, बांगडा खायचा, आणि कसा लागतो ते त्यांना सांगायचं. मी जेवढे घास सांगेन तेवढे घास ते भाकरीचे खातील. "वचन हाय," म्हणाले. ड्रायव्हरचं वचन म्हणजे ब्रेकसारखं असतं म्हणे. त्यांचा ब्रेक दोनदा फेल झालेला मला ठाऊक होता. पण तीन आठवडे चहावर असलेला माणूस भाकरी खाईन म्हणतोय, तर कुणाला वाद घालायचाय?

तरी पण शास्त्राचा घोळ नको म्हणून मी वाईला जाऊन आले. माहेरी घाटावरचे एक गुरुजी आहेत, आमच्या माहेरच्या सगळ्या लग्नामुंजींचे. त्यांना विचारलं, सोडलेला पदार्थ दुसऱ्यानं खाऊन नुसता वर्णन करून सांगितला तर चालतो का? गुरुजींनी कृष्णेकडे बघत बराच विचार केला. म्हणाले, "नेम जिभेचा. कान मोकळे." मग मला परत बोलावून म्हणाले, "नाकाचं मात्र सांगता येत नाही हो. वास अर्धं जेवण असतो. मासा घरात आणू नका."

म्हणजे डब्यात भरून आणायचीही वाट बंद. त्यात मामंजींनी आणखी एक खुट्टी मारली. येऊन सांगायचं नाही. तिथनंच फोनवर सांगायचं, खाता खाता. "शिळं आयकायला मी काय भिकारी हाय व्हय?"

दिवस पितरांचे होते, आणि त्यांनी नेमका अविधवा नवमीचा रविवार धरला. सवाष्ण मेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालतात. मी म्हटलं, "मामंजी, त्या दिवशी घरात सवाष्ण नको का जेवायला? मी तिकडं उलथले तर इथं पुरण कोण घालणार?" ते म्हणाले, "बगू. तू जा." आणि माझ्या पिशवीत त्यांनी स्वतःच्या हातानं एक खण, नारळ आणि मूठभर तांदळाची पुरचुंडी ठेवली. मला वाटलं, खानावळवालीला भेट. ट्रकवाल्यांचं सगळं उधारीउसनवारीचं नातं, असेल काही जुनं.

फोन होता हळदीच्या शेठकडं. हे शेठ जैन. कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. मामंजींनी त्यांचा माल आयुष्यभर वाहिलेला, म्हणून रविवारी पेढी उघडायला तयार झाले, पण फोन कशासाठी हे कळल्यावर गादीवरून अर्धे उठलेच. "अहो, माझ्या फोनातनं मासा येणार?" मामंजी म्हणाले, "नुसती बातमी येणार, शेठ. काटा सुदिक न्हाई."

कर्नाटकाच्या लाल गाडीनं मी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. रात्रभर आतडी वर-खाली झाली. सकाळी मंगलोरला उतरले तेव्हा हवा अशी ओली होती की साडी नेसल्या नेसल्या वाळत घालावीशी वाटावी.

लॉजवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हिंदीत विचारलं, "अकेली? किसलिए?"

"मछली खाने."

"साथ में कौन खाएगा?"

"ससुरजी."

"कहाँ हैं?"

"सांगली में."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग आतनं बायकोला बोलावलं. तिनं माझं मंगळसूत्र बघितलं, नारळ बघितला, आणि काय तिच्या मनानं घेतलं कोण जाणे, मला स्वतःच्या घराला लागून असलेली खोली दिली. दिवसभर ती दर तासाला दार वाजवून मी जिवंत आहे का ते बघत होती. बहुतेक तिला वाटलं, ही समुद्रात जीव द्यायला आलीय.

हातात अख्खा शनिवार होता, म्हणून मी खानावळ शोधायला बाहेर पडले. मामंजींनी पत्ता सांगितला होता, पण तो ट्रकवाल्याचा पत्ता. "जिथं दहा चाकी वळत न्हाई तिथं वळ. फुडं वजनकाटा लागंल. तिथनं रिव्हर्स घ्यायला जागा हाय, तिच्या डाव्या अंगाला." आता मला काय कळणार दहा चाकी कुठं वळत नाही ते? मी प्रत्येक बोळाच्या तोंडाशी उभी राहायचे, आपण ट्रक आहोत असं समजायचे आणि अंदाज घ्यायचे. एका कोपऱ्यावर तर मी खरंच मान मागं वळवून बघितलं, मागचं चाक गटारात जातंय का म्हणून. नारळपाणीवाला माझ्याकडं बघत सत्तूर हातात धरून तसाच थांबला.

पण त्या चुकामुकीत मी बंदर बघितलं. लाकडी होड्या एकमेकींना चिकटून उभ्या, त्यांच्यात माशांच्या टोपल्या, कांद्याची पोती, आणि एकीत चक्क शेळ्या. एका वखारीत कौलांच्या थप्पीच्या थप्पी लागलेल्या होत्या, आणि प्रत्येक कौलावर तीच अक्षरं उठवलेली, जी मी आजारपणात पाठीवर पडल्या पडल्या आमच्या आढ्याकडं बघून पाठ केली होती. आमच्या छपराचं माहेर! मला इतका आनंद झाला की मी एका कौलावरनं हात फिरवला. वखारवाला धावत आला, त्याला वाटलं गिऱ्हाईक. मी म्हटलं, "आमच्याकडं आहेत, चांगली आहेत, एक पण गळत नाही." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं हात जोडले.

भूक लागली की मी खात होते, आणि खाताना उद्याची तालीम करत होते, कारण खरी काळजी तीच होती. मी घुमी. माहेरीही मला मुकी म्हणायचे. घरात "झालं", "आहे", "वाढू का", एवढ्यावर माझा दिवस जातो. तिनं मासा सांगायचा कसा? एका हॉटेलात पातळ रुमालासारखा पांढरा डोसा आला, त्याचा घास घेतला आणि पुटपुटले, "मऊ आहे. ओलसर आहे. तांदूळ आहे." समोरचा म्हातारा ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. संध्याकाळी एक उंच पेल्यातलं आइस्क्रीम खाल्लं, त्यात जेली, काजू, फळं, शेवया, सगळं एकदम. नाव विचारलं तर वेटर म्हणाला, "गडबड." म्हटलं, बरोबर आहे, माझीही तीच चाललीय.

खानावळ सापडली ती दिवेलागणीच्या आधी. एका अरुंद बोळात खरंच एक ट्रक अडकला होता, आणि सगळे ओरडत होते. मी मनात म्हटलं, आलं ठिकाण. डावीकडं वळले. वजनकाटा, मोकळी जागा, आणि तिच्या कडेला कौलारू पडवीत चार बाकडी. चुलीशी एक कपाळभर कुंकू लावलेली दांडगी बाई. तिची बोली तुळू, ती मला येत नव्हती. पण सांगलीच्या बाजारात जतकडची निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलतात, त्यामुळं मोडकं कन्नड मला यायचं आणि तिचंही बाजारापुरतंच होतं. दोघींचं मोडकं असल्यानं छान जमलं.

"सांगली, लॉरी, मीशी," मी म्हटलं आणि मामंजींच्या मिशा बोटांनी काढून दाखवल्या.

ती उठूनच उभी राहिली. "एरडु!" म्हणाली आणि दोन बोटं वर केली. मग हातवारे करून सांगितलं. सांगलीवाला नेहमी दोन बांगडे घ्यायचा. एक इथं बसून खायचा. दुसरा अल्युमिनियमच्या डब्यात बांधून न्यायचा. घरी, बायकोला.

मी बाकड्यावर बसले. तो डबा मला माहीत होता. मामंजी मंगलोरहून आले की सासूबाई तो राखेनं घासघास घासायच्या, नाकाला पदर लावून. "रिकामा डबा घेऊन जातात अन् घाण करून आणतात," म्हणून कुरकुर करायच्या. म्हणजे तो हुबळीच्या अलीकडंच कुठं तरी नासायचा, आणि हे रस्त्यात टाकून द्यायचे. घरी आल्यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. पुढल्या खेपेला परत दोन घ्यायचे. सासूबाईंनी समुद्र कधी बघितला नाही. "पुढच्या खेपंला नेतो" हे वाक्य मात्र मी त्या घरात आल्यापासून ऐकत होते.

त्या दिवशी मी बांगडा खाल्ला नाही. बाईला म्हटलं, उद्या.

रविवारी दुपारी पेढीवर मामंजी, समोर भाकरी, आमटी, ठेचा. शेजारणीनं करून दिलेलं. इकडं मी, समोर केळीच्या पानावर उकड्या तांदळाचा डोंगर आणि लालभडक रश्श्यात एक अख्खा बांगडा, माझ्याकडं बघत. एसटीडीचं दुकान बोळाच्या पलीकडं. माझा बेत असा की घास घ्यायचा, पळत जायचं, सांगायचं. पहिला घास घेतला. तोंडात घोळवत पदर खोचून पळाले. नंबर लागेपर्यंत घास पोटात गेला आणि आठवण फक्त तिखटाची राहिली.

"हॅलो मामंजी. चांगला आहे."

"चांगला म्हंजी काय? चांगली तर आमची म्हस बी हुती. चव सांग."

"तिखट..."

"आता गिळलास का मगाशी?"

"मगाशी."

"शिळा हाय," मामंजी म्हणाले. मागनं ताट सरकवल्याचा आवाज आला.

माझं डोकंच फिरलं. एवढी गाडीत आतडी पिळून आले, बोळाबोळात ट्रक झाले, आणि हे ताट सारतात? मी पळत गेले, अख्खं पान दोन्ही हातांवर उचललं, आणि थेट एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरले. मागनं खानावळवाली रश्श्याची वाटी घेऊन. बूथवाला किंचाळला, "नहीं नहीं! बास आएगा! तीन दिन जाएगा नहीं!" मी म्हटलं, "अरे भाई, मेरा ससुर मर रहा है." हे खरं होतं. मग त्यानंच रिसीव्हर माझ्या खांद्यात आणि कानात अडकवून दिला.

"घेतला घास, मामंजी. आता तोंडातच आहे."

"कुठनं घेतला?"

"पोटाकडनं."

"पोटाकडनं न्हाई! शेपटीकडनं सुरू कर. पोट शेवटाला ठेव. अडाणी हायस का?"

मी शेपटीकडनं घेतला. आणि काय झालं कोण जाणे, माझं तोंड सुटलं. "आधी चिंच लागते, मामंजी. गोडसर आंबट. मग मिरची मागनं येऊन थोबाडीत देते. आल्याचा एक तुकडा दाताखाली आला. मासा काट्यावरनं अलगद सुटतोय, तान्ह्याचं झबलं काढावं तसा."

पलीकडं भाकरी मोडल्याचा आवाज. मग शेठचा आवाज, अगदी हळू, "घास घेतला त्यांनी. चावतायत."

"फुडं," मामंजी म्हणाले.

मी खाल्लं आणि सांगितलं. कातडी जिभेला कशी चिकटते, रस्सा भातात कसा मुरतो, पोटाकडचं मांस कसं लोण्यासारखं. एक काटा घशात अडकला तर मी तोही सांगितला, आणि मामंजी ओरडले, "भाताचा गोळा गीळ!" बूथवाला पाणी घेऊन आला. बाहेर फोनसाठी थांबलेली माणसं काचेला नाक लावून बघत होती. एकानं विचारलं, काय चाललंय, तर बूथवाल्यानं त्याला झापलं, "चुप! ससुर खा रहा है." मधेच शेठ न राहवून फोनवर आले. "बाई, एवढंच विचारा, हळद कुठली वापरतात? कच्चा वास आहे का?" मी विचारलं. बाई म्हणाली, सांगली. शेठनी इतकं मोठं "हां" केलं की मला कान लांब करावा लागला.

शेवटचा घास संपला. पानावर नुसता काटा उरला, एखाद्या जुन्या फणीसारखा.

"संपला, मामंजी."

"पिशवीतला खण-नारळ काड. त्या बाईला म्हणाव, वटी भर."

"कुणाची?"

"तुजी."

मला अजून कळलं नाही. पण बाईला कळलं. तिनं हात पदराला पुसले, माझ्या कपाळाला स्वतःच्या कुंकवाचं बोट लावलं, आणि त्या काचेच्या खोक्यात, माशाच्या वासात, माझ्या ओटीत तांदूळ, खण आणि नारळ घातला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा मला उमगलं, आज कुठला दिवस आहे. पुरण नाही, पाट नाही, रांगोळी नाही. पण सवाष्ण जेवली होती. बांगडा मामंजींच्या वाटचा नव्हताच. तो डब्यातला होता, दुसरा. आणि सवाष्ण जेवल्याशिवाय घरच्यानं पोटभर जेवायचं नसतं.

फोन मी अजून कानाला धरून होते. मला ते कायम "पोरी" म्हणतात. सासूबाईंना त्यांनी उभ्या जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. त्यांची हाक एकच होती.

"ऐकलंस का?" ते म्हणाले. "पोट भरलं का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं नव्हतं. सासूबाई आयुष्यात एकदाही त्यांच्याआधी जेवल्या नव्हत्या. ताट वाढायच्या, पदरानं वारा घालायच्या आणि म्हणायच्या तेच मी उत्तराला जोडलं, त्यांच्याच हेलात.

"भरलं की. आता तुमी बसा."

मीटरचे लाल आकडे पळत होते. बूथवाल्यानं त्यांच्यावर फडकं टाकलं आणि तोंड फिरवून बसला. मग शेठचा आवाज आला, घोगरा.

"रडतायत. पण खातायत. दुसरी भाकरी घेतली."